दाब वाढवला म्हणजे पेट्रोल पोचतं असं नाही

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. ‘सर, पत्रिकेत काही चूक झाली आहे का? तुम्ही आणि कार्ब्युरेटर?’ चूक नाही. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं हे खरं. पण कार्यकारणभावाचा सगळ्यात पक्का धडा मला वर्गात मिळाला नाही, एका गॅरेजमध्ये मिळाला. त्याची किंमत म्हणून माझ्या उजव्या हातावरचे केस जळाले आणि एका भल्या माणसाची गाडी जळता जळता वाचली. आज तोच धडा सांगायचा आहे.

साल १९७९. संशोधनासाठी वर्षभर दक्षिण कॅलिफोर्नियात होतो. त्या वर्षी तिथे पेट्रोलची टंचाई होती, पंपावर लांबच लांब रांगा, गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम तारखांना पेट्रोल. माझे घरमालक विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले यंत्रकामगार होते. घरामागे गॅरेज, आणि गॅरेजमध्ये त्यांचा जीव की प्राण, १९३२ सालची फोर्ड रोडस्टर. वर छप्पर नाही, पुढे बॉनेटच्या बाजूच्या पट्ट्या नाहीत, इंजिन उघडं, आणि इंजिनावर ओळीने तीन कार्ब्युरेटर. अशा गाडीला तिकडे ‘हॉट रॉड’ म्हणतात.

गाडीचं दुखणं एकच होतं. गावात फिरवा, उत्तम. उभी ठेवून चालू ठेवा, घड्याळासारखी. पण डोंगराचा लांब चढ लागला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की अर्ध्या मिनिटात इंजिन खोकायला लागायचं. पाय उचलला की पुन्हा ठीक. मी लगेच निदान केलं: ‘पेट्रोल कमी पडतंय. पंप जुना झालाय. जास्त दाबाचा बसवा.’ युक्तिवाद कसा सरळ होता बघा. पेट्रोल दाबाने येतं, पेट्रोल कमी आहे, म्हणून दाब वाढवा. घरमालकांना ते पटलं नव्हतं, पण मी हट्ट धरला आणि पंप घेऊन आलो. पुढे काय झालं ते सांगतो. त्याआधी हे प्रकरण मुळात काय आहे ते समजून घेऊ.

एका इंजिनावर इतके कार्ब्युरेटर कशाला?

१९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन दिलं. २२१ घनइंच, म्हणजे साधारण ३.६ लिटर, आणि ताकद ६५ अश्वशक्ती. याचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये असतात, हेड सपाट असतं, म्हणून त्याला ‘फ्लॅटहेड’ म्हणतात. काही वर्षांत भंगारवाल्यांकडे ही इंजिनं स्वस्तात मिळू लागली, आणि लॉस एंजेलिसच्या आसपासची तरुण मुलं ती जुन्या हलक्या गाड्यांत बसवून शहराबाहेरच्या कोरड्या तळ्यांवर पळवू लागली. म्युरॉक, एल मिराज ही त्या तळ्यांची नावं. मैलोन् मैल सपाट, टणक माती. १९३७ साली या क्लबांची एक संघटना उभी राहिली, सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन. युद्धानंतर, १९४८ च्या जानेवारीत, ‘हॉट रॉड’ नावाचं मासिकच निघालं.

या मुलांपुढचा प्रश्न असा की इंजिनाला जास्त ताकद हवी तर जास्त हवा आत गेली पाहिजे. त्या काळातला त्यांच्या आवाक्यातला चांगला कार्ब्युरेटर म्हणजे स्ट्रॉम्बर्ग ९७. हा ९७ आकडा कुठून आला? त्याच्या व्हेंचुरीचा, म्हणजे आतल्या निमुळत्या गळ्याचा व्यास ०.९७ इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटरलाही थोडा कमी. असे दोन गळे एका कार्ब्युरेटरला. मूळ इंजिनाला ते पुरेसे, पण वाढवलेल्या इंजिनाला अपुरे. मोठा कार्ब्युरेटर सहज मिळत नव्हता. लहान मात्र भंगारात पडलेले होते. मग एकाच्या जागी दोन बसवा, तीन बसवा! व्हिक एडलब्रॉक यांनी १९३८ साली दोन कार्ब्युरेटर बसतील असा मॅनिफोल्ड बनवला, त्याचं नाव ‘स्लिंगशॉट’, म्हणजे आपली बेचकी. पुढे तीन, चार, सहापर्यंत मजल गेली.

हवेचा प्रश्न असा सुटला. हवा फुकट आहे आणि सगळीकडे आहे. प्रत्येक कार्ब्युरेटर आपापल्या डोक्यावरची हवा घेतो. पेट्रोलचं तसं नाही. टाकी एक, पंप एक, नळी एक, आणि घेणारे तीन. इथून आपला विषय सुरू होतो.

गच्चीवरची टाकी

कार्ब्युरेटर कधी उघडून न पाहिलेल्यांसाठी सांगतो. तुमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तिच्यात बॉलकॉक आहे. पाणी वर आलं की गोळा तरंगत वर येतो आणि नळ बंद करतो. पाणी वापरलं की गोळा खाली, नळ उघडा. कार्ब्युरेटरच्या पोटात नेमकी अशीच एक छोटी टाकी असते, तिला बाऊल म्हणतात. गोळ्याच्या जागी पितळी पोकळ फ्लोट, आणि नळाच्या जागी एक टोकदार नीडल, जी एका बारीक भोकावर, सीटवर, जाऊन बसते.

इंजिन पेट्रोल घेतं ते या बाऊलमधून, पंपाकडून नव्हे. हे वाक्य लक्षात ठेवा, आज सगळं त्यावर उभं आहे. गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब कमी होतो, आणि बाऊलमधलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. किती ओढलं जाईल हे हवा ठरवते, जेटचं भोक ठरवतं आणि बाऊलमधली पातळी ठरवते. पंपाचा दाब त्यात कुठेही नाही. पंपाचं काम बाऊल भरलेला ठेवणं, एवढंच.

मग दाब जास्त झाला तर काय बिघडतं? हिशेब करू. सीटचं भोक समजा अडीच मिलिमीटर व्यासाचं. त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ ५ चौरस मिलिमीटर. पेट्रोलचा दाब ३ पीएसआय असेल, तर नीडलला खाली ढकलणारं बळ साधारण १० ग्रॅम वजनाएवढं. दाब ७ पीएसआय केला की तेच बळ २४ ग्रॅम. समोर कोण आहे? पेट्रोलवर तरंगणारा एक हलका पितळी फ्लोट आणि त्याची छोटी दांडी. तो १० ग्रॅमला थोपवतो. २४ ग्रॅमला थोपवायला त्याला पेट्रोलमध्ये आणखी खोल बुडावं लागतं, म्हणजे पातळी आणखी वर चढते. आधी इंजिन जास्त पेट्रोल पितं, काळा धूर येतो. मग बाऊल ओसंडून पेट्रोल सरळ गरम मॅनिफोल्डवर. आपल्या सोसायट्यांमध्ये नवा जोरदार पंप बसवला की जुने बॉलकॉक गळायला लागतात की नाही? तेच हे. फक्त इथे गळतं ते पाणी नाही.

म्हणून स्ट्रॉम्बर्ग ९७ ला अडीच ते तीन पीएसआय दाब योग्य मानतात. फ्लॅटहेडचा मूळ पंप साधारण तेवढाच देतो. तो इंजिनाच्या मागच्या बाजूला उभा असतो आणि कॅमशाफ्टवरून एका दांडीने चालतो. त्याची रचना फार शहाणपणाची आहे. दांडी पडदा एका बाजूला ओढते आणि पेट्रोल आत घेते, पण पेट्रोल पुढे ढकलते ती एक स्प्रिंग. सगळ्या नीडल बंद असल्या की स्प्रिंग दबलेलीच राहते, पंप आपोआप थांबतो. म्हणजे दाब किती ते इंजिनाचा वेग ठरवत नाही, स्प्रिंग ठरवते.

किती पेट्रोल लागतं?

आता दुसरा हिशेब. अशा इंजिनांना पूर्ण ताकदीवर दर अश्वशक्तीला तासाला साधारण अर्धा पौंड पेट्रोल लागतं. घरमालकांचं इंजिन युद्धानंतरचं, २३९ घनइंचाचं. मूळचं १०० अश्वशक्तीचं, वाढवून दीडशेच्या आसपास नेलेलं धरू. म्हणजे तासाला ७५ पौंड. लिटरमध्ये तासाला ४७-४८, मिनिटाला जेमतेम पाऊण लिटर, अगदी पोट भरून आठशे मिलिलिटर. तीन कार्ब्युरेटरमध्ये वाटलं तर प्रत्येकाला पाव लिटरच्या थोडं वर. बस्स. तीन कार्ब्युरेटर म्हटलं की लोकांना वाटतं तिप्पट पेट्रोल आणि तिप्पट दाबाचा पंप. पेट्रोल किती लागेल ते इंजिनाच्या ताकदीवर ठरतं, कार्ब्युरेटरच्या संख्येवर नाही.

एवढ्यासाठी दाब किती लागतो? फोर्डचीच आधीची गाडी, मॉडेल ए, १९२८ ते ३१ सालची. तिला पंपच नव्हता. टाकी डॅशबोर्डच्या पुढे, उंचावर, आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली यायचं. अर्धा मीटर उंचीच्या पेट्रोलचा दाब अर्धा पीएसआय. तेवढ्यावर ४० अश्वशक्तीचं इंजिन ठणठणीत चालत होतं. म्हणजे सीटच्या भोकातून पेट्रोल आत यायला फारसा दाब लागतच नाही. मग पंपाचे तीन पीएसआय जातात कुठे? वाटेत. नळीच्या घर्षणात, वळणांत, सांध्यांत, गाळणीत.

आणि या वाटखर्चाचा एक विचित्र स्वभाव आहे. पेट्रोल वाहत असेल तरच तो द्यावा लागतो. प्रवाह दुप्पट झाला की खर्च जवळजवळ चौपट होतो. गाडी उभी असताना इंजिन पूर्ण ताकदीच्या मानाने वीस-पंचविसावा हिस्सा पेट्रोल घेतं. तेव्हा वाटखर्च जवळपास शून्य. पंप जेवढा दाब देतो तेवढा सगळा जसाच्या तसा नीडलवर येऊन बसतो.

आता माझ्या १९७९ च्या युक्तिवादातली खोट दिसली? पूर्ण ॲक्सिलरेटरवर पेट्रोल कमी पडतं, म्हणून मी दाब वाढवला. पण तो वाढवलेला दाब चढावर वाटेतच खर्च होणार, आणि गाडी उभी असताना, जेव्हा त्याची काही गरज नाही, तेव्हा पूर्णच्या पूर्ण नीडलवर येणार. मी उपाशी माणसासाठी जास्त अन्न पाठवलं, ते वाटेत सांडलं, आणि जो जेवून झोपला होता त्याच्या तोंडात कोंबलं गेलं.

त्या दिवशी

नवा विजेवर चालणारा पंप ७ पीएसआयचा होता, खोक्यावरच लिहिलं होतं. मला तो आकडा मोठा म्हणून आवडला. आम्ही बसवला, गाडी चालू केली. दोन मिनिटं सगळं छान. मग पेट्रोलचा वास. मी मागच्या कार्ब्युरेटरकडे वाकून हात पुढे केला तेव्हा त्याच्या माथ्यावरून पेट्रोल ओघळत होतं, आणि पुढच्या क्षणी ‘भप्प’ असा आवाज झाला. निळी-पिवळी ज्योत. घरमालकांनी एका हाताने स्विच बंद केला, दुसऱ्या हाताने भिंतीवरचं अग्निशामक काढलं. सगळं मिळून दहा सेकंदं असतील. माझ्या हाताचे केस गेले, गाडीच्या वायरी वितळल्या. मी अर्धा पाऊल पुढे असतो तर आज इथे या चेहऱ्याने उभा नसतो.

ते मला रागावले नाहीत. म्हणाले, आता कारण शोधू. पुढचे दोन शनिवार त्यांनी जे केलं, ते मी नंतर वर्गात अन्वय-व्यतिरेक शिकवताना दरवर्षी सांगत आलो. न्यायशास्त्रात काय म्हणतात? जिथे कारण तिथे कार्य, हा अन्वय. जिथे कारण नाही तिथे कार्यही नाही, हा व्यतिरेक. दोन्ही तपासल्याशिवाय कारण ठरवू नये. मी फक्त अंदाजावर थांबलो होतो.

त्यांनी वायरी दुरुस्त करून जुना पंप परत लावला. स्पार्क प्लग काढून ओळीने ठेवले. पुढच्या सिलिंडरचे प्लग तपकिरी, निरोगी. मागच्यांचे पांढरेफटक, म्हणजे तिथे पेट्रोल कमी आणि उष्णता जास्त. हे नुसतं खोकणं नव्हतं. असंच चालवत राहिलो असतो तर मागचा एखादा पिस्टन वितळला असता. मग त्यांनी पुढचा आणि मागचा कार्ब्युरेटर एकमेकांच्या जागी लावून तोच चढ चढवला. दोष कार्ब्युरेटरबरोबर पुढे आला का? नाही, मागेच राहिला. म्हणजे दोष कार्ब्युरेटरचा नव्हता, जागेचा होता.

मग नळीला दाबाचा काटा जोडला. गाडी उभी असताना पंपापाशी तीन, शेवटच्या कार्ब्युरेटरपाशीही तीन. हाच आकडा बघून आधीच्या मेकॅनिकने सगळं ठीक आहे असं सांगितलं होतं. पण चढावर, काटा काचेसमोर बांधून पाहिलं, तर शेवटच्या कार्ब्युरेटरपाशी जवळजवळ शून्य. पंप चांगला, कार्ब्युरेटर चांगला. उरली ती मधली नळी.

शेवटचा शेतकरी

ती नळी आधीच्या मालकाने हौसेने बनवली होती. तांब्याची, पॉलिश केलेली, अतिशय देखणी आणि अतिशय बारीक. आतला व्यास तीन मिलिमीटर. ती पंपापासून निघून पुढच्या कार्ब्युरेटरला जायची, तिथून टी काढून मधल्याला, तिथून मागच्याला. गंमत बघा, पंप इंजिनाच्या मागच्या टोकाला, आणि मागचाच कार्ब्युरेटर रांगेत शेवटचा. दिव्याखाली अंधार तो हाच!

नळीच्या व्यासाचं गणित फार कठोर आहे. तेवढंच पेट्रोल न्यायचं आणि नळीचा व्यास निम्मा केला, तर घर्षणाचा खर्च दुप्पट-चौपट होत नाही, पंचवीस-तीस पट होतो. मिनिटाला आठशे मिलिलिटर पेट्रोल आठ मिलिमीटरच्या नळीतून मीटरभर न्यायला पीएसआयचा अगदी नगण्य अंश लागतो. तेच तीन मिलिमीटरच्या नळीतून न्यायचं तर एका मीटरमागे दोन पीएसआयहून जास्त जातात. शिवाय प्रत्येक टी, प्रत्येक काटकोन आपला कर घेतोच.

आपल्याकडे कालव्याच्या टेलचा शेतकरी म्हटलं की काय ते वेगळं सांगावं लागत नाही. पाणी सुटतं, वरचे घेतात, टेलला पोचेपर्यंत चिखल उरतो. धरणातून जास्त पाणी सोडलं तर टेलला जाईल असं म्हणावं, तर आधी वरच्यांची शेतं बुडतात.

उपाय काय केला? घरमालकांनी ॲल्युमिनियमची जाड कांडी घेतली, तिला आतून रुंद भोक पाडलं, आणि तिच्यातून तीन कार्ब्युरेटरना तीन सारख्या, आखूड नळ्या दिल्या. याला ‘फ्यूल लॉग’ किंवा ‘फ्यूल ब्लॉक’ म्हणतात. आत येणारी नळी रुंद, लॉग त्याहून रुंद. लॉगमध्ये पेट्रोलचा वेग इतका मंद असतो की ते जवळजवळ साठून राहिल्यासारखं असतं. तिथे ‘आधी’ आणि ‘नंतर’ उरत नाही. तिन्ही तोंडांशी दाब सारखा. बारीक नळी गेली, जुना तीन पीएसआयचा पंप तसाच राहिला, आणि गाडी डोंगर चढून गेली. शेवटच्या कार्ब्युरेटरपाशी पूर्ण ॲक्सिलरेटरवरही दोनच्या वर दाब होता.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. लॉग पेट्रोल वाटत नाही. मोजून एक-तृतीयांश प्रत्येकाला, असं काही तो करत नाही. तीन कार्ब्युरेटरच्या मांडणीत बऱ्याचदा मधला एकटा रोजचं काम करतो आणि कडेचे दोन, ॲक्सिलरेटर बराच दाबल्यावरच उघडतात. तेव्हा सक्तीने सारखं वाटप केलं तर मधला उपाशी आणि कडेचे ओसंडलेले. लॉग फक्त एवढंच करतो की ज्याला जेव्हा लागेल, त्याला तेव्हा दारात मिळेल. किती घ्यायचं हे ज्याचा त्याचा फ्लोट ठरवतो. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात वाटपातला न्याय सांगताना हाच भेद केला आहे: समान वाटप म्हणजे सगळ्यांना सारखा आकडा नव्हे, प्रमाणात मिळणं. त्याचा निकष योग्यतेचा होता, इथे गरजेचा आहे, पण मुद्दा तोच.

उष्णता आणि वेग

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. पहिली उष्णता. फ्लॅटहेडमध्ये धुराचे मार्ग ब्लॉकच्या आतून जातात, त्यामुळे इंजिन तापतं. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात, आणि ओढलेलं पेट्रोल, म्हणजे पंपाच्या आधीच्या नळीतलं, दाब कमी असल्याने आणखी लवकर. नळीत वाफेचा बुडबुडा झाला की पंप वाफच दाबत बसतो. म्हणून विजेचा पंप वापरायचाच असेल तर तो मागे, टाकीच्या जवळ आणि तिच्या खालच्या पातळीला बसवतात. पंपाला ढकलणं जमतं, ओढणं तितकं जमत नाही. त्यापुढे रेग्युलेटर लावून दाब अडीचवर आणायचा, आणि लॉगच्या शेवटाहून एक बारीक नळी टाकीकडे परत न्यायची. त्या परतीच्या नळीतून पेट्रोल फिरतं राहतं, थंड राहतं, वाफ निघून जाते. आणि अपघातात इंजिन बंद पडलं तर पंपही बंद पडेल असा स्विच हवाच. इंजिनाच्या दांडीवर चालणाऱ्या पंपात ही सोय जन्मजात असते.

दुसरी गोष्ट वेग. टाकी मागे, इंजिन पुढे, मधे तीन मीटर नळी. गाडी जोरात उसळी घेते तेव्हा नळीतलं पेट्रोल मागे राहू पाहतं, जसे बसमध्ये उभे असलेले आपण. गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा त्वरण धरला तरी तीन मीटर नळीत दीड पीएसआयहून जास्त दाब त्यातच जातो. तीनातले दीड! म्हणून ड्रॅग शर्यतीच्या गाड्यांमध्ये पेट्रोलची छोटी टाकी रेडिएटरच्या पुढे, नाकाशी दिसते. सांता फे स्प्रिंग्जच्या डीन मून यांच्या गोल ॲल्युमिनियमच्या टाक्या त्यासाठी प्रसिद्ध झाल्या. टाकी पुढे गेली की तीच उसळी पेट्रोलला इंजिनाकडे ढकलते. शत्रू होता तो मित्र झाला, एक पीएसआयही न वाढवता.

तर मंडळी, सार एवढंच. इंजिन मागे पडलं की आधी विचारायचं, पेट्रोल कमी निघतंय की वाटेत अडतंय? मोजायचं ते गरजेच्या वेळी आणि शेवटच्याच्या दारात. गाडी उभी असताना पंपापाशी घेतलेला आकडा खरा असतो, पण तो आपल्या प्रश्नाचं उत्तर नसतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*माझ्याकडे राजदूत ३५० आहे. तिलाही दोन कार्ब्युरेटर आहेत. तिला असा पंप किंवा लॉग लागतो का?*

नाही, अजिबात लावू नका. तुमची टाकी डोक्यावर आहे, मॉडेल ए सारखी. वजनाने येणारं पेट्रोल पुरतं. एक बाजू उपाशी वाटली तर आधी टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बघा. ते बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरत नाही. झाकण सैल करून गाडी चालली तर कारण सापडलं, हा झाला व्यतिरेक. मग नळाची जाळी, आणि दोन्ही नळ्या कुठे दुमडल्यात का ते. सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर उघडा. लोक नेमकं उलट करतात.

*आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांना त्याचा त्रास होतो का?*

होतो, आणि तो आजच्या विषयाला धरूनच आहे. जुनं रबर इथेनॉलने फुगतं आणि भेगाळतं, म्हणून नळ्या आणि पंपाचे पडदे इथेनॉल सोसणारे हवेत. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे तेवढ्याच ताकदीला थोडं जास्त इंधन लागतं. जेट तेच ठेवले तर मिश्रण पातळ होतं. आणि ते पाणी शोषतं. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत टाकी गंजते, तो गंज नीडलखाली अडकतो, आणि नीडल बंद होत नाही. मग दाब तीनच असला तरी बाऊल ओसंडतो. गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवा, आणि कडेचे कार्ब्युरेटर उघडतील इतकी जोरात फिरवा.

*इतका खटाटोप करण्यापेक्षा एकच मोठा कार्ब्युरेटर का नाही?*

व्यवहारात तेच झालं. १९५२ पासून अमेरिकी गाड्यांत चार गळ्यांचे कार्ब्युरेटर येऊ लागले, आणि बहुतेकांचा प्रश्न सुटला. तरी १९५७ साली पाँटिॲकने कारखान्यातूनच तीन कार्ब्युरेटरची गाडी दिली, कारण लोकांना ते हवं होतं. आज जे ही जुनी मांडणी जपतात, ते ताकदीसाठी जपत नाहीत. माझे घरमालक म्हणायचे, एका कार्ब्युरेटरची गाडी चालवता येते, तीनची समजून घ्यावी लागते. त्यांनी मला शेवटपर्यंत त्या गाडीला हात लावू दिला. मात्र पंपाच्या जवळ गेलो की ते माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या अग्निशामकाकडे बोट दाखवायचे. मी आधी ते काढून हातात घ्यायचो, मगच वाकायचो.